‘नोंद विनामूल्य’ म्हणाले, मग बिल कसलं?

प्रश्न : ‘आपल्या क्षेत्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल’ एका आंतरराष्ट्रीय चरित्रकोशात माझी निवड झाल्याचा ईमेल आला. नोंद विनामूल्य असल्याचं त्यात लिहिलं होतं. सोबतचा फॉर्म मी बारीक अक्षरं न वाचताच सही करून पाठवला, तो सोबत जोडतो आहे. त्यांनी पाठवलेलं मानपत्रही मी सोशल मीडियावर टाकलं. आता तीन वर्षांच्या वर्गणीचं बिल आलं आहे आणि वसुलीच्या, परदेशी कोर्टात खेचण्याच्या धमक्या येत आहेत. पहिला ईमेल शोधला, तो बहुधा डिलीट झाला. मी हप्ते पाडून मागितले, तेही नाकारले. पैसे भरावेच लागतील का?

उत्तर : ईमेल कसला होता हे बिल आल्यावर तुम्हाला कळलंच आहे, ते सोडून देऊ. तुमचं सगळं प्रकरण एका गोष्टीवर ठरेल. ते तुमच्याशी खोटं बोलले, की नुसते गप्प बसले?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे फसवणुकीने घेतलेल्या संमतीवर उभा असलेला करार तुम्ही रद्द करू शकता. पण त्याच कलमाला एक अपवाद आहे आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. समोरच्याने एखादी गोष्ट फक्त दडवली असेल आणि साधी काळजी घेतली असती तर ती तुम्हाला कळू शकली असती, तर करार रद्द होत नाही. तुमच्या फॉर्मच्या तळाशी बारीक टायपात छापलंय, ‘सही केल्यास तीन वर्षांची सशुल्क नोंद’. तुम्ही ते वाचलं नाहीत. त्यांचा वकील तेवढ्यावरच उभा राहील. उलट, ईमेलमध्ये ‘नोंद विनामूल्य’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल, तर ते जाणूनबुजून केलेलं खोटं विधान आहे, असं आपल्याला म्हणता येतं. तिथे ‘वाचायला काय झालं होतं?’ हा बचाव त्यांना या अपवादातून मिळत नाही.

म्हणजे तो पहिला ईमेल हाच तुमचा पुरावा, आणि तुम्ही लिहिता, ‘तो बहुधा डिलीट झाला’! जीमेलच्या ट्रॅशमध्ये तो ३० दिवस राहतो. आत्ता उठून शोधा. सापडला तर फक्त स्क्रीनशॉट घेऊ नका. मूळ ईमेल हेडरसकट (म्हणजे तो कुठून, कधी आला याच्या तांत्रिक नोंदीसकट) डाउनलोड करून ठेवा. उद्या कोर्टात द्यायची वेळ आली, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत लागेल.

हप्ते मागायचा सल्ला कोणी दिला? हप्ते मागणं म्हणजे देणं मान्य करणं, असाच त्याचा अर्थ लावला जाईल. शिवाय त्यांनी पाठवलेलं मानपत्र तुम्ही सोशल मीडियावर मिरवलंत, म्हणजे करार कबूल करून त्याचा फायदाही घेतलात, असं ते म्हणतील. यापुढे एक पैसाही भरू नका, अगदी ‘तडजोडीची रक्कम’ म्हणूनसुद्धा. आजच त्याच ईमेल पत्त्यावर कळवा : संमती फसवून घेतली, म्हणून करार रद्द करत आहे, हप्त्यांची विनंतीही मागे घेत आहे. प्रस्ताव ज्या मार्गाने आला त्याच मार्गाने करार रद्द केल्याचं कळवलेलं करार कायद्याच्या कलम ६६ ला चालतं. नंतर ते मानपत्र खाली उतरवा.

परदेशी कोर्टात खेचण्याची धमकी कितपत खरी ठरेल, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण फसवणुकीने किंवा गुणदोष न तपासता मिळवलेला परदेशी निकाल आपल्याकडे निर्णायक मानला जात नाही (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम १३). ‘वसुली एजन्सी’च्या पत्रांना उत्तर देऊ नका, कोर्टाचं खरं समन्स आलं, तर मात्र एक दिवसही घालवू नका. सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा. तपास कधी हलेल ते विचारू नका, पण तक्रारीचा क्रमांक हाताशी असू द्या.

अशीच पत्रं इतर अनेकांकडून आली आहेत, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. या ईमेलमध्ये स्तुती भरपूर असते, पण तुमच्या एकाही कामाबद्दल एकही नेमकं वाक्य नसतं. असलंच तर लेखाचं शीर्षक जसंच्या तसं चिकटवलेलं, वेगळ्या फाँटमध्ये. नाव कोणी सुचवलं ते सांगत नाहीत, मुदत मात्र दोन दिवसांची. उलट विचारा : माझं कोणतं काम वाचलंत आणि त्यात काय आवडलं? उत्तरात पुन्हा तोच फॉर्म येतो. शिकलेली माणसंही यात सापडतात, कारण आपली निवड झाली हे त्यांना पटतं. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशनसमूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये दावा लावला, तो संशोधकांची अशीच दिशाभूल केल्याबद्दल. लेख छापण्यासाठी शुल्क आहे, याचा लेख स्वीकारला जाईपर्यंत पत्ता नसे. २०१९ मध्ये कोर्टाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला. दावा ते निकाल, जवळजवळ तीन वर्षं!

ज्यांनी पैसे भरून टाकलेत त्यांनी एवढी वाट पाहू नये. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, लगेच बँकेला लेखी तक्रार. कार्डाने भरले असतील तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. त्याची मुदत संपली की बँक हात वर करते.

मूळ ईमेल सापडला की मला पाठवा. नाही सापडला तर त्यांची नंतरची सगळी पत्रं काढा. ‘विनामूल्य’चा उल्लेख त्यांनी पुन्हा कुठे केलाय का, ते बघू.