विज्ञान दिनाच्या स्टॉलवर कुणी "नजर परत येईल का?" विचारलं तर

तुमची प्रयोगशाळा काचबिंदूवर काम करते, २८ फेब्रुवारीला विद्यापीठात स्टॉल आहे, पोस्टरं तयार आहेत, पण लोक थांबतील का ही धास्ती. वर "आमच्या बाबांची नजर परत येईल का?" असं कुणी विचारलं तर काय बोलायचं, हा प्रश्न. मुंबईत अशा स्टॉलवर बरीच वर्षं उभा राहिलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पोस्टरं मागच्या भिंतीला लावा. टेबलावर कागद ठेवा: डावीकडे फुली, उजवीकडे ७ सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडेच बघत कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणायचा. साधारण २५ सेंटिमीटरवर ठिपका गायब! डोळ्याची नस डोळ्याच्या आतल्या पडद्यातून (रेटिनातून) जिथे बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. पण हे लगेच सांगू नका. आधी विचारा, "तिथे काळं दिसलं का?" नाही, पांढरा कागदच दिसतो, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ती जागा भरून काढतो.

काचबिंदू नेमका इथेच फसवतो. नसेतले दहा-बारा लाख तंतू थोडे थोडे मरत जातात. बहुतेकांची आधी कडेची नजर जाते, समोरचं स्वच्छ दिसत राहतं, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. दादरच्या पुलावर माणूस लोकांना धडकायला लागतो आणि शिव्या गर्दीला घालतो. (इथे घोळक्यातली एखादी बायको नवऱ्याकडे बघतेच.)

मग बाबांचा प्रश्न येतो. आडपडदा न ठेवता सांगा: काचबिंदूने गेलेली नजर परत आणणारा उपचार आज नाही. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया डोळ्याचं प्रेशर उतरवतात आणि उरलेली नजर राखतात. म्हणून बाबांचे थेंब डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, आणि स्वतःचेही डोळे तपासून घ्या, कारण सख्ख्या नात्यात धोका जास्त असतो. नुसतं प्रेशर मोजून भागत नाही, नसही बघावी लागते. प्रेशर नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. तुमचं काम उंदरांवर असेल तर उंदरांवर आहे असंच म्हणा. "लवकरच" हा शब्द स्टॉलवरच्या पोरांना वापरूच देऊ नका.

"जीन थेरपी आली ना?" हेही येईल. जीन थेरपी म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत पेशींत पोचवणं. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषासाठी, तीही पडद्यात पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तरच. काचबिंदूशी तिचा संबंध नाही.

खरी काळजी स्टेम सेलच्या (इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) इंजेक्शनची. पडद्याच्या आजाराच्या तीन वृद्ध स्त्रियांनी फ्लोरिडात प्रत्येकी ५,००० डॉलर मोजून स्वतःच्याच चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि दृष्टी गमावून बसल्या. २०१७ मध्ये ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. तो प्रकार अमेरिकेच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर 'अभ्यास' म्हणून झळकतही होता! आपल्याकडे सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतातल्या सरकारी नोंदणीवर) चाचणीची नोंद जरूर बघायला सांगा, पण नोंद म्हणजे खात्री नव्हे. चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडूनच पैसे मागितले, की तिथून उठायचं.

तालीम करायची असेल तर टीआयएफआरच्या (मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) 'चाय अँड व्हाय' या लोकांसाठीच्या विज्ञान-गप्पांना जा. २००९ पासून चालू आहे; माटुंग्याला रुपारेल कॉलेजात किंवा जुहूला पृथ्वी थिएटरात, वेळ आधी बघून घ्या. भाषण संपलं तरी उठू नका. शाळकरी पोरगं आडवातिडवा प्रश्न टाकतं, तेव्हा वक्ता काय करतो ते बघा.