किलोवर मजुरी ठरली म्हणून किमान वेतन सुटत नाही

प्रश्न : तासगावात माझी बेदाणा निवडणीची छोटी शेड आहे. पाच बायका कामाला, मजुरी किलोवर, रोख. चहा, रिक्षा आणि दिवाळीचा बोनस माझ्याकडून. त्यातली एक गेल्या महिन्यात काम सोडून गेली. मुलीच्या लग्नाला घेतलेली वीस हजारांची उचल तिच्याकडे बाकी आहे, म्हणून शेवटच्या पंधरवड्याची मजुरी मी धरून ठेवली. आता दोन वर्षे किमान वेतनापेक्षा कमी मिळालं, असा अर्ज तिने कामगार कार्यालयात दिला आहे. 'ठरलेली मजुरी मिळाली, तक्रार नाही' असं तिने बॉण्डवर सही करून दिलेलं माझ्याकडे आहे. किलोवाल्यांना किमान वेतन लागतं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : लागतं. पाच बायका असोत की एक, फरक पडत नाही. बॉण्ड मात्र कपाटातच राहू द्या. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने शून्य आहे. उलट असा कागद पुढे केलात, तर तो आधीच का लिहून घ्यावा लागला, हा प्रश्न समोरचा वकील पहिल्यांदा विचारेल.

आता किलोचं. उक्त्या, म्हणजे किलोवर किंवा नगावर मजुरीच्या कामासाठी सरकारने वेगळा दर ठरवला नसेल, तर वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी देता येत नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात हे होतं आणि त्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. समजा तुमच्या कामाचा दिवसाचा किमान दर 450 रुपये बसतो. चांगल्या लॉटला बाई किलोवर 500 पाडते, तिथे काही म्हणणं नाही. पण काड्या नि कचरा जास्त असलेला माल आला, दिवसभर मान वर न करता तिचे 280 झाले, तर वरचे 170 तुमच्या अंगावर. कोल्ड स्टोरेजवरून माल दुपारी आला आणि बायका सकाळपासून बसून होत्या, तो अर्धा दिवसही तिच्या आळसाच्या खात्यात टाकता येणार नाही. काम पुरवणं मालकाचं काम.

तुमच्याकडच्या पुराव्याचं काय? तुम्ही वहीचा एक फोटो पाठवलात. नावापुढे नुसते किलो, शेवटी रकमेवर गोल. किती वाजता आली, किती वाजता गेली, काही नाही. मजुरी पुरेपूर दिली हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकलाय, तिच्यावर नाही. ही वही तुम्हाला तारणार नाही.

तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो लेखी उत्तरात घ्या. तिची मागणी दोन वर्षांची आहे. संहितेत अर्जाला 3 वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्यात ती 6 महिने होती, सबळ कारण असल्यास उशीर माफ व्हायचा. त्यामुळे 21 नोव्हेंबर 2025 आधीच्या काळाला कोणती मुदत, यावर वाद घालता येतो. शिवाय जुना कायदा अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतल्या उद्योगांपुरताच होता. निवडणी त्यातल्या कोणत्या नोंदीत बसते, तेही पाहावं लागेल. पण यावर सगळी मदार ठेवू नका. नंतरच्या काळाला असली पळवाट नाही.

चहा, रिक्षा, बोनस वेतनात मोजून मिळणार नाहीत. 'एवढं परवडत नाही' हेही बोलू नका. उद्योगाची ऐपत किमान वेतनाच्या आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगून ठेवलंय.

मला खरी काळजी वाटते ती उचलीची. उचल वजा करता येते, पण तिची लेखी नोंद हवी, आणि सगळ्या कपाती मिळून त्या वेळच्या वेतनाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. तुम्ही अख्खा पंधरवडा धरून ठेवलात. काम सोडणाऱ्या माणसाचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला लागतं. ते आधी तिच्या खात्यावर जमा करा, आजच. उरलेली उचल वेगळ्या मार्गाने मागता येईल. 'उचल फिटल्याशिवाय सोडायचं नाही' असं कुणी, अगदी मुकादमानेही, तिला म्हटलं असेल, तर 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचं प्रकरण उभं राहू शकतं. आपल्याकडे उचल इतकी अंगवळणी पडलीय की हे कुणाला खरंच वाटत नाही.

सुनावणीआधी तिच्या हजेरीचा अंदाज धरून फरकाचा हिशेब करा आणि मान्य असलेली रक्कम बँकेतून देऊन पावती दाखल करा. फरकाशिवाय त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार तिचा अर्ज ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. किती लावायची हे त्याने ठरवायचं असतं, आणि आधी पैसे मोकळे करणाऱ्याकडे तो वेगळ्या नजरेने बघतो. निम्म्यावर आपसात मिटवायच्या भानगडीत पडू नका, तो कागदही टिकणार नाही. कमी वेतनाबद्दल दंड 50 हजारांपर्यंत आहे.  पाच वर्षांत पुन्हा त्याच गुन्ह्यात दोषी ठरलात, तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

राहिलेल्या चौघींसाठी किलोचा दर पुन्हा बसवा. नेहमीचा माल, नेहमीच्या हाताने, आठ तासांत किमान दराच्या वर जायला हवा. कमी पडेल त्या दिवशी फरक त्याच पगारात जोडा. महाराष्ट्रात किमान वेतनातला महागाईचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो, दरही परिमंडळाप्रमाणे वेगळे असतात. तुमच्या कामाचं चालू परिपत्रक सांगलीच्या कामगार कार्यालयातून घ्या. वहीत येण्या-जाण्याची वेळ लिहा, पगारपत्रक द्या, पैसे खात्यावर टाका. आणि ती जुनी वही फाडू किंवा दुरुस्त करू नका. आहे तशी घेऊन या.