दोन हजारांत रोज गाणी ऐकायला कोणते स्टिरिओ हेडफोन घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खिशात दोन हजार, जाऊन-येऊन दोन तास एसटीचा प्रवास, रात्री निजण्यापूर्वी तासभर शास्त्रीय गाणं, आणि याआधीचे तीनही इअरफोन वर्षाच्या आत एका कानाने गेलेले. दुकानदार म्हणतो ब्लूटूथ घ्या, मित्र म्हणतो कानावरचा मोठा घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर वायरचा, कानात रबरी टोपीने घट्ट बसणारा आणि ज्याची वायर काढून दुसरी लावता येते असा इअरफोन घेतला असता. हजार-दीड हजारात तो येतो. उरलेल्या पैशांत वेगवेगळ्या मापाच्या रबरी टोप्या आणि एक जादा वायर घेऊन ठेवली असती. आता हे असंच का, ते सांगतो.

मी तबला शिकलो. बैठकींची रेकॉर्डिंग ऐकून ठेका, लय, गायकाच्या जागा समजून घ्यायच्या, हा माझा रोजचा अभ्यास. त्यामुळे गेल्या काही वर्षांत स्वस्तातले पुष्कळ इअरफोन वापरले, उघडले, डाग देऊन (सोल्डर करून) जोडले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. या किमतीत आवाजाचा सगळ्यात मोठा फरक कंपनीमुळे पडत नाही, इअरफोन तुमच्या कानात किती बंदिस्त बसतो यामुळे पडतो.

घरी करून बघा. इअरफोन कानात घाला, तानपुरा लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला तर तुमची टोपी कानाच्या मापाची नाही. कान आणि टोपी यांच्यात फट राहिली की खालचे सूर तिथून निसटतात आणि उरतो तो कोरडा, टोचणारा आवाज. पुष्कळ लोक यालाच ‘या इअरफोनला बास नाही’ म्हणतात आणि ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेला दुसरा आणतात. डब्यात सहसा लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या टोप्या येतात, पण बहुतेक जण आधीच लावून आलेली मध्यम जोडी कधी बदलतच नाहीत. शिवाय दोन्ही कान एका मापाचे असतीलच असं नाही. माझ्या डाव्या कानाला मोठी टोपी लागते, उजव्याला मध्यम. हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर डग्गा कायम एका बाजूला झुकलेला ऐकत होतो.

पारख करायला तानपुऱ्यासारखं साधन नाही, आणि तुम्ही शास्त्रीय गाणं ऐकता म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहितो. पुरुष गायकाने काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरली तर जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झला आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ जवळपास निघतच नाही, तरी आपल्याला खर्ज ‘ऐकू’ येतो. त्याचं कारण तारेतून आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांवरून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच उभा करतो. म्हणून नुसतं ‘खर्ज येतोय का’ एवढं विचारून भागत नाही. तो अंगावर येतो का, तार छेडल्यावर हळूहळू विरत जातो का, की ‘बुम्म’ करून एका गोळ्यात संपतो, हे ऐका. त्याच वेळी जवारीकडे कान द्या. जवारीचा तो झणत्कार म्हणजे वरच्या स्वरांचा उलगडत जाणारा पदर. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये हा पदर झाकला जातो आणि तानपुरा दूर कुठेतरी पंखा चालू असल्यासारखा वाटतो.

तानपुऱ्यानंतर तबला. डग्ग्याची घुमक आणि चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, ‘ना’ एकाच वेळी स्वच्छ सुटे ऐकू आले पाहिजेत. ‘ना’ कानाला टोचत असेल तर तो हेडफोन तासभर सहन होणार नाही, दुकानात पाच मिनिटं कितीही चमकदार वाटला तरी. शेवटी माणसाचा नुसता बोलण्याचा आवाज, एखादी मुलाखत वगैरे. ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे आले तर नको.

आता तुमचे तीन इअरफोन. ‘एका कानाने गेला’ हे मी इतक्या लोकांकडून ऐकलंय! त्यातले निम्मे तरी खरे गेलेले नसावेत, असं मला मनापासून वाटतं. फेकण्याआधी दोन गोष्टी बघत जा. फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत डाव्या-उजव्या आवाजाचा तोल बदलणारी पट्टी असते, ती चुकून सरकलेली नाही ना. आणि इअरफोनच्या नळीच्या तोंडावरची बारीक जाळी मळाने बुजलेली नाही ना. टोपी काढून, तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडली की मेलेला कान जिवंत झालेला मी कितीदा पाहिलाय.

उरलेले खरोखर वायरने जातात, आणि वायर जवळजवळ नेहमी पिनेपाशीच तुटते. खिशात फोन, बसताना पिन वाकते, उठताना वाकते. आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात, त्या एकेक करून तुटतात.

यातला एक बिघाड मोठा चकवणारा असतो. काही वर्षांपूर्वी प्रवासात ऐकताना माझ्या इअरफोनमधून गायिकेचा आवाज नाहीसा झाला. तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला, सभागृहाचा घुमारा, सगळं होतं, मधला गळाच नव्हता. मला वाटलं रेकॉर्डिंग खराब. दुसरं लावलं, तेच. पिन जरा दाबून धरली आणि बाई परत गायला लागल्या. कारण असं आहे: ३.५ मिलिमीटरच्या साध्या स्टिरिओ पिनेला तीन भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधलं कडं उजव्या कानाचं आणि मागचा भाग दोघांची सामाईक परतीची वाट, म्हणजे ग्राउंड. माइकवाल्या पिनेला आणखी एक, चौथा भाग असतो. ही सामाईक वाट तुटली की दोन्ही ड्रायव्हर, म्हणजे कानांतले आवाज काढणारे भाग, एकामागे एक जोडले जातात आणि आपल्याला फक्त डाव्या-उजव्यातला फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा भरलेला असतो, म्हणून नेमका तोच वजा होतो. तुमच्याकडे असं कधी झालं तर गाण्याला दोष देऊ नका, पिन तपासा.

तुटलेली पिन बदलता येते. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नवी पिन किरकोळ पैशांत मिळते. डाग देणाऱ्याने एक मात्र लक्षात ठेवायचं, या बारीक तारांवर लाखेसारखा पातळ मुलामा असतो. तो जाळून वा खरवडून काढल्याशिवाय कथील धरत नाही. घाईत डाग दिलेली पिन आठ दिवसांत पुन्हा ‘एका कानाने’ जाते ती यामुळेच.

म्हणूनच सुटी होणारी वायर हवी असं म्हणतोय. केझेड ईडीएक्स किंवा मूनड्रॉप चू २ यांसारख्या इअरफोनमध्ये वायर इअरफोनला दोन बारीक पिनांनी लागते. वायर तुटली की फक्त वायर घ्यायची, बोलणारा भाग तोच राहतो. चूच्या पहिल्या आवृत्तीत वायर कायमची जोडलेली होती, दुसरीत सुटी होते, तेवढं नाव नीट वाचून घ्या. मला चू २ चा आवाज गायकीसाठी जास्त समतोल वाटतो. ईडीएक्स स्वस्त आहे, पण खालचा आणि वरचा भाग जरा उचललेला आहे. नवी वायर लावताना एका बाजूची पिन उलटी बसली तर आवाज दोन्हीकडे येतो पण खर्ज पातळ होतो आणि गायक डोक्याच्या मध्यभागी उभा राहत नाही. तसं झालं तर एक बाजू काढून उलटी लावून बघा.

ब्लूटूथला माझा विरोध नाही. स्वयंपाक करताना, झाडलोट करताना त्याच्यासारखी सोय नाही. पण दोन हजारांतले पैसे बॅटरी, चिप, माइक आणि डबी यांत वाटले जातात, बोलणाऱ्या भागाला कमी उरतात. आणि कानात बसणाऱ्या त्या दोन इवल्या बॅटऱ्या काही वर्षांत थकतात, त्या बदलून मिळणं कठीण. ज्याला वस्तू टिकायला हवी त्याच्यासाठी हा भाग मोठा आहे.

कानावरचा मोठा हेडफोन रात्री घरी छान, एसटीत नाही. या किमतीतले बहुतेक कानावर टेकतात, कानाभोवती बसत नाहीत. सोनीचा एमडीआर झेडएक्स ११० असाच आहे. हलका, स्वस्त आणि आवाजाने सरळ, पण इंजिनाची घरघर त्याने फारशी अडत नाही आणि चष्मा असेल तर तासाभरात कान दुखतात.

आणि घरघर अडणं हा नुसत्या सुखाचा प्रश्न नाही. बाहेरचा गोंगाट आत आला की आपण आवाज वाढवतो, रोज थोडा थोडा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९५ ला जेमतेम सव्वा तास. तुमचे रोजचे तीन तास धरले तर आठवड्याला एकवीस तास होतात, म्हणजे ८३ च्या जरा खालीच राहायला हवं. कान घट्ट बंद करणारा इअरफोन असेल तर एसटीतही कमी आवाजात गाणं पुरतं. म्हणून प्रवासासाठी रबरी टोपीवाला हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. मात्र स्टँडवर उतरलात, रस्ता ओलांडायचा आहे, तर दोन्ही कान मोकळे ठेवा.

खोक्यावरच्या आकड्यांत फार अडकू नका. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ जवळपास सगळेच छापतात. त्या पट्ट्यात आवाज किती वरखाली होतो हे लिहिलं नसेल तर त्याला अर्थ नाही. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा यावरूनही आवाज कळत नाही. बघायचंच तर रोध (इम्पीडन्स) १६ ते ३२ ओहम आणि संवेदनशीलता (सेन्सिटिव्हिटी) १०० डेसिबलच्या आसपास किंवा वर असावी, म्हणजे फोनवर सहज वाजतो.

जुनी रेकॉर्डिंग ऐकताना दोन्ही कानांत अगदी तंतोतंत सारखंच येतंय असं वाटलं तर तो बिघाड नाही. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. त्याआधीचं जवळपास सगळं, आणि आपल्याकडे त्यानंतरचंही पुष्कळ, मोनोच आहे. नव्या इअरफोनची डावी-उजवी बाजू तपासायला अलीकडचं रेकॉर्डिंग घ्या.

खरेदीला जाताना गाणी फोनमध्ये उतरवून न्या, दुकानाच्या गोंगाटात रेंज शोधत बसू नका. स्वतःच्या टोप्या खिशात ठेवा, कानात घालायची वस्तू आहे. दुकानदार बास दणदणीत असलेलं गाणं लावून देईल, ते ऐकून घ्या आणि मग आपला तानपुरा लावा. पहिल्या क्षणी तो त्या गाण्यापुढे फिका वाटेल, दोन मिनिटं थांबा. ऑनलाइन घेत असाल तर इअरफोन परत घेण्याचे नियम आधी वाचा, आणि नामांकित नाव अर्ध्या किमतीत दिसलं तर विकणारा कोण ते बघा, नकली माल भरपूर आहे.

एक राहिलं. तुमच्या फोनला ३.५ ची जागा आहे का ते प्रश्नात नाही. नसेल तर यूएसबी-सीचा छोटा जोड लागेल, आणि तो घेताना आत डॅक (फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप) असलेलाच मागा. नुसती तार जोडणारा स्वस्त जोड सगळ्या फोनवर चालत नाही. फोनचं मॉडेल खाली लिहा, त्याला काय चालेल ते बघून सांगतो.