सँकर हातमोजे मोठे हवे असतील तर ड्यूक पॅटर्नमध्ये टाके वाढवले तर चालतील का?

नाही, दोनचार टाके वाढवू नका, टाके तेवढेच ठेवा आणि सुई एक नंबर जाड घ्या. कारण स्कॉटलंडमधल्या सँकर गावचा हा ड्यूक पॅटर्न 11 टाके गुणिले 11 ओळींच्या चौकोनांवर उभा आहे, एक चौकोन एका नक्षीचा, शेजारचा वेगळ्या नक्षीचा असं तळहातावरून थेट बोटांपर्यंत जातं, त्यामुळे मधेच 2 टाके घुसवले की चौकोन तुटतो आणि बोटं वेगळी करताना नक्षी जुळतच नाही. चार्ट (नक्षीचा चौकटींचा नकाशा) समोर ठेवून टाके मोजा, लगेच दिसेल. मी दोन जोड्या विणल्यात, दुसरी फक्त सुई बदलून, ती नवऱ्याच्या हाताला नीट बसली.

आधी सॅम्पल मात्र नक्की विणा, आणि तो गोल विणा, सपाट विणलेल्याचं माप वेगळं येतं. दोन रंगांत विणताना मागून जाणारा दोरा ओढू नका, नाहीतर जाड सुई घेऊनही हातमोजा आवळतो, बहुतेकांचं इथेच चुकतं.

एकच गोष्ट, फार जाड सुई घेतली तर वीण विरळ होऊन ऊब जाते, म्हणून फरक खूपच असेल तर थोडी जाड लोकर घ्या किंवा ड्यूक सोडून मिज अँड फ्लाय हा सँकरचाच दुसरा पॅटर्न घ्या, त्याची नक्षी बारीक आणि सलग असते, तिथे टाके वाढवणं बरंच सोपं जातं. मनगटावरची नावाची आद्याक्षरं मात्र सोडू नका, सँकरची खरी ओळख तीच आहे.