एक्सेलमध्ये कंटेनरचे फोटो पुढे-मागे बघायचा फॉर्म

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कंटेनर लोडिंगच्या वेळी प्रत्येक पॅलेटचे फोटो निघतात, ते एका फोल्डरमध्ये जमा होतात आणि एक्सेलच्या युजरफॉर्मवर (स्वतः बनवलेल्या खिडकीवर) तुम्ही 'पुढे' आणि 'मागे' अशी दोन बटणं ठेवलीत. 'पुढे' चालतं, 'मागे' चालत नाही. काही फोटो आडवे दिसतात, काहींवर ४८१ नंबरची एरर येते. या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत. पहिलीचं मूळ रचनेतच आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

तुम्ही बटणाच्या कोडमध्येच डिर, म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची नावं देणारं फंक्शन, बोलावताय. डिरला एकदा फोल्डरचा पत्ता दिला की ते पहिली फाइल देतं, नंतर नुसतं बोलावलं की पुढची. मागची फाइल द्यायची सोय त्यात नाहीच. वर आणखी एक भानगड: मध्येच कुठे 'ही फाइल आहे का' हे बघायला डिर वापरलंत की आधीचा क्रम तुटतो आणि नवा सुरू होतो.

म्हणून फॉर्म उघडताना, इनिशिअलाइझमध्ये, डिरचा लूप एकदाच फिरवा आणि सगळी नावं एका ॲरेत, म्हणजे क्रमांक असलेल्या यादीत, भरून घ्या. शेजारी एक साधा व्हेरिएबल ठेवा, सध्या कितवा फोटो चालू आहे ते सांगणारा. मग 'दाखव' नावाची एकच प्रोसिजर लिहा. तो नंबर बघून फोटो लावायचा, खाली नाव आणि '४० पैकी ७' असं लिहायचं, एवढंच तिचं काम. बटणांनी फोटोला हातच लावायचा नाही. नंबर एकने वाढवायचा किंवा कमी करायचा आणि 'दाखव'ला बोलवायचं. उद्या मालकांनी स्क्रोलबार मागितला तरी 'दाखव'मधली एक ओळही बदलावी लागणार नाही.

ॲरेची मोजणी शून्यापासून असते, म्हणून पहिल्या फोटोवर 'मागे' दाबलं की नंबर उणे एक होतो आणि एरर ९ येते, म्हणजे यादीबाहेरचा नंबर मागितला. पुष्कळ जण इथे मॉड (भागाकाराची बाकी) वापरून शेवटच्या फोटोवर उडी मारतात. वापरायचंच असेल तर आधी नंबरात एकूण फोटोंची संख्या जोडा, कारण व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या कोडच्या भाषेत, उणे एकचा मॉड उणे एकच येतो. पण तुमच्या कामाला हे गोल फिरणं नकोच, असं माझं मत आहे. माल तिकडे रॉटरडॅमला उतरतो, खरेदीदाराचा मेल येतो की अमुक पॅलेटमध्ये मणीगळ (घडातून मणी सुटणं) आहे, आणि तुम्ही फोटो चाळायला बसता. त्या वेळी शेवटचा फोटो आला हे कळलं पाहिजे, नाहीतर तेच फोटो पुन्हा बघत बसाल. शेवटी 'पुढे' फिकं पडू द्या.

आता क्रम. डिर नावं वर्णक्रमाने देईलच असं नाही. कॉम्प्युटरच्या एनटीएफएस डिस्कवर बहुधा देतं, पेनड्राइव्हवर मात्र फाइल ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्या क्रमाने येतात. ॲरे भरल्यावर स्वतः सॉर्ट करा. दोन-चारशे नावांना साधा बबल सॉर्टही चालतो. आणि पॅलेट नंबर ०१, ०२ असे लिहा, नाहीतर १० नंबरचा पॅलेट २ च्या आधी येऊन बसेल. फाइलचं नाव कंटेनर नंबरने सुरू केलंत तर फारच सोय होईल. तो नेहमी ११ अक्षरांचाच असतो, ४ अक्षरं आणि ७ आकडे. नावाची पहिली ११ अक्षरं तपासली की हंगामाच्या ढिगातून त्याच कंटेनरचे फोटो यादीत येतील. फाइल आणि फोल्डरची नावं मात्र इंग्रजी अक्षरांतच ठेवा. देवनागरी नाव असलं की डिर त्याची प्रश्नचिन्हं करून देतं.

४८१ म्हणजे लोडपिक्चरला, फाइलमधून फोटो उघडणाऱ्या फंक्शनला, तो प्रकार वाचता येत नाही. त्याला जेपीजी, बीएमपी, जिफ वगैरे जुने प्रकार कळतात, पीएनजी कळत नाही. म्हणजे तुमचे स्क्रीनशॉट अडकणार. आयफोनचे एचईआयसी फोटोही अडकणार. ते फोनच्या सेटिंगमध्येच जेपीजी करून घ्या, इकडे डोकं लावू नका.

आडव्या फोटोंचं असं आहे: फोन उभा धरून फोटो काढला तरी फोन पुष्कळदा चित्र आडवंच साठवतो आणि 'दाखवताना इतकं फिरवा' अशी नोंद आत ठेवतो. ती नोंद लोडपिक्चर बघतच नाही. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखे आलेले तुम्हाला सरळ दिसत असतील, केबलने उतरवलेले आडवे. तपासून बघा.

पीएनजी आणि आडवे फोटो, दोन्हींवर इलाज एकच: विंडोजमधलं डब्ल्यूआयए, म्हणजे फोटो उघडून फिरवता येणारी सोय. क्रिएटऑब्जेक्टने त्याचं इमेजफाइल तयार करा, त्यात फोटो लोड करा, पीएनजीही उघडतो. मग २७४ नंबरची प्रॉपर्टी, म्हणजे ती फिरवण्याची नोंद, आहे का ते आधी विचारा, कारण प्रत्येक फोटोत ती नसते. ६ असेल तर ९० अंश, ३ असेल तर १८०, ८ असेल तर २७० फिरवायचं. इमेजप्रोसेसमधला रोटेटफ्लिप फिल्टर हे करतो. त्याच्याच मागे स्केल फिल्टर लावून फोटो फॉर्मच्या मापाचा करून घ्या आणि फाइलडेटाचं पिक्चर थेट इमेज कंट्रोलला द्या. कंट्रोलचा पिक्चरसाइजमोड झूमवर ठेवा. स्ट्रेचवर ठेवलात तर द्राक्षाचे घड चपटे दिसतील आणि मण्याच्या आकारावरून उगाच वाद होतील.

सगळे फोटो आधीच लोड करून ॲरेत ठेवायचा मोह टाळा. ४००० बाय ३००० चा एक फोटो उघडला की मेमरीत ३६ एमबी तरी खातो, मग डिस्कवर तो ३ एमबीचा का असेना. ३२ बिटचं ऑफिस असलं तर चाळीस-पन्नास फोटोंतच दम तोडेल. एका वेळी एकच.

बाणाच्या कीने फोटो पालटायचे तर एक गंमत आहे. युजरफॉर्मचा कीडाऊन इव्हेंट (की दाबल्याची सूचना) फोकस, म्हणजे कीबोर्डचा ताबा, कुठल्या बटणावर असला की येतच नाही. बाण दाबला की फोकसच एका बटणावरून दुसऱ्यावर जातो. सरळ उपाय म्हणजे बटणं काढून त्यांच्या जागी लेबलं ठेवा आणि क्लिकचा कोड त्यांनाच द्या. लेबल आणि इमेज कंट्रोल फोकस घेत नाहीत, म्हणून की थेट फॉर्मकडे येते. डावा बाण ३७, उजवा ३९.

त्या लेबलांवर मराठी हवं असेल तर कोडच्या खिडकीत टाइप करू नका, तिथेही प्रश्नचिन्हंच उमटतात. शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये 'मागे', 'पुढे' लिहा आणि फॉर्म उघडताना तिथून कॅप्शन उचला. सध्या बटणांवर काय दिसतंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज येतोय.