रोमानियाचा राष्ट्रीय दिन 1 डिसेंबरलाच का? आणि तो बघायला त्या थंडीत जावं का?

थोडक्यात उत्तर असं : 1 डिसेंबर 1918 रोजी ट्रान्सिल्व्हेनिया आणि आसपासच्या मुलखातल्या रोमानियन लोकांचे 1,228 प्रतिनिधी आल्बा यूलिया इथे जमले आणि त्यांनी रोमानियात सामील व्हायचा ठराव केला. तोवर हा मुलूख हंगेरीकडे होता.

पण तुमच्या प्रश्नातली खरी गंमत त्या ‘लाच’मध्ये आहे. ही तारीख ठरली 1990 मध्ये. तोवर दोन राष्ट्रीय दिन येऊन गेले होते.

पहिला 10 मे. 1866 साली या दिवशी कारोल नावाचा जर्मन राजपुत्र गादीवर बसायला बुखारेस्टला पोहोचला. 1881 मध्ये याच तारखेला त्याचा राज्याभिषेक झाला. त्याचा मुकुट सोन्याचा नाही, पोलादाचा आहे. प्लेव्हनाच्या लढाईत तुर्कांकडून जिंकलेल्या तोफेच्या धातूचा. बुखारेस्टच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवलाय, गेलात तर चुकवू नका.

1947 च्या डिसेंबरात कम्युनिस्टांनी राजा मिहायला गादी सोडायला लावली आणि राष्ट्रीय दिन झाला 23 ऑगस्ट. आता विरोधाभास बघा. 23 ऑगस्ट 1944 ला हुकूमशहा आन्तोनेस्कूला अटक करवून देशाला हिटलरच्या गोटातून बाहेर काढलं कुणी, तर याच मिहायने! राजाला हाकललं, त्याची तारीख मात्र ठेवून घेतली. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात त्या दिवशी स्टेडियममध्ये हजारो माणसं उभी करून त्यांच्याकडून कवायती करून घेत.

22 डिसेंबर 1989 ला चाउशेस्कू हेलिकॉप्टरने पळाला आणि नवी तारीख शोधायची वेळ आली. 10 मे घ्यावी तर राजाला परत बोलवायचं का हा प्रश्न उभा राहणार, आणि नव्या सत्ताधाऱ्यांना ते नको होतं. 1990 च्या नाताळात मिहाय देशात आला, तर त्याला रस्त्यातच अडवून परत विमानात बसवलं. 1 डिसेंबर ही त्यातल्या त्यात बिनराजाची तारीख, असं माझं मत. थंडीचा विचार कुणी केला नसावा.

बिनराजाची असली तरी ती सगळ्यांची नाही. मी तीन वर्षं ट्रान्सिल्व्हेनियातल्या क्लुज शहरात होतो. घरमालकीण हंगेरियन, सत्तरीच्या. 1 डिसेंबरला चौकात झेंडे, संचलन, मोठ्या पातेल्यांतून डुकराच्या मांसात शिजवलेला पांढरा घेवडा वाटणं चालू असायचं, आणि बाई घरात शांतपणे इस्त्री करत बसायच्या. पहिल्या वर्षी मी भोळेपणाने शुभेच्छा दिल्या. “सुट्टी आहे, विश्रांती घे,” एवढंच म्हणाल्या. रोमानियात आजही सुमारे 10 लाख हंगेरियन आहेत. 1920 च्या ट्रियानोंच्या तहाने ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या हातून कायमचा गेला, ते दुःख त्यांच्या घराघरांत आहे. मी बेळगावचा. 1 नोव्हेंबरला एकाच गावात एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस बघत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आता जावं का? संचलनच बघायचं तर बुखारेस्टच्या विजयकमानीपाशी जा, कानटोपी आणि जाड मोजे घेऊन. मी शाकाहारी असल्याने घेवडा हुकला, गरम मसालेदार वाइनवर भागवलं.

पण मला विचाराल तर 24 जानेवारीला ईशान्य रोमानियातल्या याश शहरात जा. थंडी तीच, गोष्ट मात्र जास्त रंगतदार. 1858 मध्ये बड्या सत्तांनी पॅरिसमध्ये ठरवलं की मोल्दोवा आणि वालाकिया (पुढे यांच्याच ऐक्यातून रोमानिया झाला) ही दोन संस्थानं वेगळी राहतील, प्रत्येकाचा राजा वेगळा निवडला जाईल. दोन्हीकडे एकच माणूस निवडायचा नाही, असं मात्र कुठे लिहिलं नव्हतं. 1859 च्या जानेवारीत आधी मोल्दोवाने अलेक्सांद्रू योआन कुझाला निवडलं, आणि 24 तारखेला वालाकियानेही त्यालाच! सत्ता बघत राहिल्या. याशच्या ऐक्य चौकात त्या दिवशी लोक हात धरून गोलात होरा नाचतात. पाहुणा दिसला की त्यालाही ओढतात. पावलं सोपी आहेत, दोन फेऱ्यांत जमतात.