लेकीचं प्लगिन बंद पाडू नका, वेळ बांधून द्या

पत्र: मी तासगावला बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. मुलगी सांगलीत बीसीएसच्या (कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. ऑब्सिडियन नावाच्या टिपणं ठेवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचं एक छोटं प्लगिन तिनं गेल्या वर्षी तयार केलं. टिपणातल्या तक्त्याची बेरीज ते करून देतं. रूमवरच्या मुलींचा किराणा-भाड्याचा हिशोब मांडायला केलं होतं, आता अनोळखी लोकही वापरतात. जर्मनीतल्या कुणी 'बेरीज चुकते' असं कळवलं, तेव्हापासून ती रात्र-रात्र दुरुस्ती करत बसते. पैसा एक मिळत नाही. मागच्या सेमिस्टरला गणिताचा एक विषय राहिला. आता कोडही एआयच लिहितं म्हणतात. हे बंद करून तिला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घालावं का?

नमस्कार,

तुमची काळजी रास्त आहे. विषय राहिला ही गोष्ट मीही हलक्यात घेणार नाही, त्यावर पुढे लिहिलं आहे. पण प्लगिन बंद पाडू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या बायोडेटावर लायब्ररी मॅनेजमेंट, ऑनलाइन शॉपिंग हेच प्रोजेक्ट असतात. सबमिशन झालं की प्रोजेक्ट संपला, पुन्हा त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या मुलीनं केलेली वस्तू लोक वापरतात, चूक निघाली तर तिला कळवतात आणि ती ती मनावर घेते. नोकरीत बहुतेक दिवस हेच करायचं असतं: आधीच चालू असलेलं सॉफ्टवेअर समजून घ्यायचं, त्यातली चूक शोधायची, आणि दुरुस्त करताना बाकीचं बिघडू द्यायचं नाही. कॉलेजात हे फारसं शिकवत नाहीत.

तुम्ही दिवाणजी आहात, त्यामुळे ती नेमकं काय करतेय ते तुम्हाला चटकन कळेल. ऑब्सिडियनमधलं टिपण म्हणजे साधी मजकुराची फाइल. तक्त्याचे रकाने उभ्या रेघा घालून पाडलेले असतात, आणि आतला आकडाही कॉम्प्युटरच्या लेखी मजकूरच असतो. त्याची संख्या करून घ्यावी लागते. ही प्लगिनं जावास्क्रिप्टवर चालतात. त्या भाषेत मजकुरातून संख्या काढायची जी एक नेहमीची सोय आहे, ती डावीकडून वाचत जाते आणि न कळणारं पहिलं चिन्ह आलं की तिथंच थांबते. तुम्ही १,२५,००० लिहिलंत तर ती स्वल्पविरामापाशी थांबते. सव्वा लाखाचा एक रुपया होतो. जर्मनीत हजारासाठी टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम लावतात. तिथल्या माणसानं १.२५०,५० लिहिलं, म्हणजे बाराशे पन्नास युरो पन्नास सेंट. ही सोय ते फक्त सव्वा समजते. आणि आकडा मराठी अंकांत लिहिला, तर ती त्याला संख्या मानायलाच तयार नसते. (पायथन या दुसऱ्या भाषेला मराठी अंक वाचता येतात, जावास्क्रिप्टला येत नाहीत.)

यातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे पहिल्या दोन्ही वेळी कुठलीही तक्रार न करता बेरीज समोर येते. बेरीज दिसली की परत कोण मोजतो? रोजमेळ न जुळलेला परवडला, निदान शोधाशोध तरी होते. म्हणून जर्मनीतल्या त्या माणसानं तिला त्रास दिला असं मला वाटत नाही. त्याच्या तक्रारीमुळे आपल्याकडच्या लाखाच्या आकड्यांची चूकही उघडी पडली.

तिला माझ्यातर्फे एवढं सांगा. आकडा कुठल्या पद्धतीनं लिहिलाय याचा अंदाज प्लगिननं बांधू नये, वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये विचारावं. जो रकाना वाचता आला नाही तो शून्य धरू नये, 'अमुक ओळीतला आकडा कळला नाही' असं स्पष्ट दाखवावं. आधीची एकूणाची ओळ पुढच्या बेरजेत धरली जात नाही ना, हे तपासावं, नाहीतर दुसऱ्यांदा बटण दाबलं की रक्कम दुप्पट. पैशांचा हिशोब पूर्णांकात, म्हणजे सगळ्याचे पैसे करून, ठेवावा. कॉम्प्युटर दशांश द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो, त्यामुळे ०.१ आणि ०.२ मिळवले की जावास्क्रिप्ट ०.३०००००००००००००००४ दाखवते. अशा प्रत्येक प्रकारची एकेक चाचणी लिहून ठेवली की पुढच्या दुरुस्तीच्या वेळी जुनी चूक परत शिरली तर लगेच कळेल.

नवी आवृत्ती सोडायचीही शिस्त असते. मॅनिफेस्ट नावाच्या फाइलीत आवृत्तीचा क्रमांक वाढवायचा, ऑब्सिडियनची कमीत कमी कुठली आवृत्ती लागेल ते लिहायचं आणि गिटहबवर (कोड ठेवायच्या संकेतस्थळावर) त्याच क्रमांकानं रिलीज काढायचं. जुनं ऑब्सिडियन वापरणाऱ्यांना त्यांच्याकडे चालेल अशीच आवृत्ती मिळावी म्हणून वेगळी नोंद ठेवावी लागते. काय बदललं, हे चार साध्या ओळींत लिहावं, आणि त्यात 'आधीच्या काही बेरजा चुकीच्या असू शकतात, तपासून घ्या' हेही मोकळेपणानं सांगावं. मुलाखत घेणाऱ्यानं या चार ओळी वाचल्या तर गुणपत्रिकेतून कळत नाही असं बरंच काही त्याला कळेल.

एआयबद्दल. वर सांगितलेला बहुतेक कोड एआय लिहून देईल, हे खरं आहे. पण पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या कागदावर, आकड्याजवळ 'रु.' लिहिलेलं असेल तर काय करायचं, रकाना रिकामा म्हणजे शून्य की अजून वजन व्हायचंय, हे प्रश्न हिशोब मांडणाऱ्या माणसालाच पडतात. एआयनं दिलेलं उत्तर बरोबर आहे का, हेही तपासता यायला हवं. तिची तीच तयारी चालली आहे.

आता बँकेचं. आयबीपीएस या बँकभरती घेणाऱ्या संस्थेच्या पीओ (अधिकारी) आणि क्लार्क दोन्ही परीक्षांना पदवी लागते, म्हणजे आज क्लास लावला तरी फॉर्म भरता येणार नाही. तिला स्वतःला बँकेत जायचं असेल तर तिसऱ्या वर्षी बघता येईल. तिला विचारलंत का? पत्रात तिचं म्हणणं कुठंच नाही, ते मला खटकलं. एमसीएचा (कॉम्प्युटरमधल्या पदव्युत्तर पदवीचा) विचार असेल तर सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिथं गणित लागतं. म्हणून राहिलेला विषय पहिला. गूगल समर ऑफ कोड हा २००५ पासून चालणारा उपक्रमही तिनं बघावा. १८ वर्षं पूर्ण असली की अर्ज करता येतो, निवड झाली तर मानधन मिळतं, आणि तिथं दुसऱ्यांच्या कोडमध्ये काम करायचं असतं.

रात्रीचं जागणं मात्र थांबवा. प्लगिनला रविवारची सकाळ द्यावी, परीक्षेच्या महिन्यात तेही नाही. 'परीक्षा आहे, अमुक तारखेनंतर बघते' असं तिनं लिहून टाकावं. फुकट वापरणाऱ्यांना तेवढं थांबता येतं, आणि असं नम्रपणे सांगता येणं हाही कामाचाच भाग आहे.

तुम्हाला मदत करायची असेल तर मालकांना विचारून दुकानातल्या जुन्या दोन-चार पट्ट्या, शेतकऱ्यांची नावं झाकून, तिला चाचणीसाठी द्या. लाखाचे स्वल्पविराम, रिकामे रकाने, मराठी अंक, खाडाखोड, सगळं त्यात मिळेल. आणि बॅकलॉगचा, म्हणजे राहिलेल्या विषयाचा, फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे, ते आजच तिला फोन करून विचारा.